जास्वंदीची काडी जगवायची कशी? पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

जास्वंदीची काडी मातीत खोचली की आठ-दहा दिवसांत तिला हिरवे कोंब फुटतात. घरात आनंदीआनंद होतो, कुंडी उन्हात सरकवली जाते, वरून चमचाभर खतही पडतं. तिसऱ्या आठवड्यात कोंब माना टाकतात आणि काडी खालून काळी पडायला लागते. नवशिक्यांच्या बहुतेक काड्या अशाच जातात. मग "आमच्या हाताला झाडच लागत नाही" असं ठरवून लोक नर्सरीतून तयार रोप घेऊन येतात.

हाताचा काहीही दोष नसतो. ते कोंब काडीत आधीपासून साठलेल्या अन्नावर आलेले असतात, खाली मूळ एकही नसतं. पालवी दिसली म्हणजे काडी लागली, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. मुळं धरेपर्यंत काडी सुकू द्यायची नाही आणि कुजूही द्यायची नाही, एवढंच आपलं काम. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

बी का लावायचं नाही?

आपल्याकडे दारोदार दिसणारी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद सहसा बी धरतच नाही. 1753 मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे शास्त्रीय नाव दिलं, तेव्हाही ती माणसाने बागेत जोपासलेलीच वनस्पती होती. काड्या लावत लावत लोकांनी ती आशियाभर नेली. मलेशियाने तर 1960 मध्ये तिला राष्ट्रीय फूल केलं. संकरित जातींना कधी कधी बोंडं धरतात, पण त्या बियांतून आईसारखंच झाड निघेल याचा भरवसा नाही. काडीचं तसं नाही. शेजाऱ्यांच्या झाडाची काडी तुमच्या कुंडीत लागली, तर तुमच्याकडे त्या झाडाचं पोर नाही, तेच झाड असतं. फुलाचा रंग, पाकळ्या, झाडाची ठेवण सगळं जसंच्या तसं.

म्हणूनच काडी कुठल्या झाडाची घेता याला फार महत्त्व आहे. रोग-कीडही जशीच्या तशीच येते.

कोणत्या झाडाची, कोणती फांदी

पहिल्यांदा लावत असाल तर गावठी लाल जास्वंदच घ्या. एकेरी असो वा गुच्छासारखी भरगच्च, ती चटकन लागते. गुलाबी आणि पांढऱ्या गावठी जातीही बऱ्या. ज्यांना नर्सरीवाले सरसकट 'हायब्रीड' म्हणतात, त्या 15 सेंटिमीटरहून मोठ्या, दोन-तीन रंगांच्या, मधे गडद डोळा असलेल्या फुलांच्या जाती मात्र हट्टी असतात. त्यांतल्या अनेकींना स्वतःची मुळं नीट धरत नाहीत, म्हणून त्यांचं गावठी जास्वंदीच्या खुंटावर कलम केलेलं असतं. अशा झाडाच्या खोडावर बुंध्याजवळ एक गाठ दिसते. त्या गाठीच्या खालून फुटलेली फांदी तोडून लावलीत तर हायब्रीड येणार नाही, खुंटाची साधी जास्वंद येईल. महिनोन् महिने जपल्यावर असं फूल पाहून लोक नर्सरीवाल्याला शिव्या घालतात. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

झाड निरोगी हवं. पानांच्या मागे आणि शेंड्याच्या बेचक्यात बघा. पांढरा कापसासारखा चिकटा दिसला तर तो पिठ्या ढेकूण. शेंडे आखडून गोळा झाले असतील तर तोच आत बसलेला असण्याची शक्यता जास्त. झाडावर मुंग्यांची रांग लागली असेल तर समजायचं की मावा किंवा पिठ्या वर कुठेतरी आहेच. जास्वंद ही भेंडी, कापूस, अंबाडी यांच्याच कुळातली, त्यामुळे या सगळ्यांवर पडणाऱ्या बऱ्याच किडी एकमेकींवर खुशाल जातात. अशा झाडाची काडी फुकट मिळाली तरी नको. घ्यावीच लागली, तर पानं धुऊन घ्या आणि बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.

आता फांदी. कोवळा हिरवा शेंडा लवकर कुजतो. बुंध्याकडचं जून, करडं लाकूड मुळं धरायला फार वेळ लावतं. या दोहोंच्या मधला भाग आपल्याला हवा. त्याची साल हिरवी सोडून नुकतीच तपकिरी व्हायला लागलेली असते, जाडी साधारण पेन्सिलीएवढी असते. फांदी हळूच वाकवून बघा. ती थोडी लवते, पण आणखी जोर दिला तर मोडेल असं हाताला कळतं. तीच घ्या.

कळ्या असलेली फांदी टाळा. तिची ताकद आधी फुलात जाते. तसंही गणपतीच्या तोंडावर कळ्यांनी लगडलेली फांदी कुणी सुखासुखी देणार नाही. झाडमालकाची छाटणी निघाली की त्यातल्या फांद्या मागून घ्याव्यात. त्यांनाही त्या टाकायच्याच असतात आणि छाटणीमुळे त्यांच्या झाडाला नवे शेंडे फुटून फुलंही वाढतात, कारण जास्वंद नव्या फुटीवरच फुलते. कुंपणाबाहेर डोकावणारी फुलं पहाटे पिशवी घेऊन खुडणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. फांदीसाठी तरी विचारायला हरकत नाही.

केव्हा लावायची

महाराष्ट्रात सगळ्यात खात्रीचा काळ जून ते ऑगस्ट. हवेत दमटपणा असतो, ऊन तळपत नाही, तापमान 25 ते 30 अंशांच्या आसपास राहतं आणि मुळांना हेच लागतं. दुसरी संधी फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा झाड नव्याने फुटायच्या तयारीत असतं, पण हवा कोरडी असल्याने झाकण्याची काळजी जास्त घ्यावी लागते.

डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, विदर्भाकडे रात्रीचा पारा 15 अंशांच्या खाली गेला की काडी नुसती थिजून बसते. मरत नाही, पण मुळंही धरत नाही. एप्रिल-मे तर नकोच. मुंबई-कोकणात हिवाळ्यातही जमतं. तिथली अडचण उलटी: जुलैतल्या धो धो पावसात उघड्यावर ठेवलेल्या काड्या चिखलात उभ्या राहून सडतात. पावसात लावायची म्हणजे पावसाखाली ठेवायची नव्हे. पागोळ्या लागणार नाहीत अशी आडोशाची जागा बघा.

सामान

फार काही लागत नाही. धारदार छाटणी कात्री किंवा नवं ब्लेड. स्वयंपाकघरातली बोथट कात्री नको, ती काडी कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या जागी कूज आधी धरते. पातं स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसून घ्या.

कुंडीऐवजी पहिल्या खेपेला पारदर्शक प्लॅस्टिकचे ग्लास वापरा. तळाला चार-पाच भोकं पाडायची आणि तो ग्लास दुसऱ्या अपारदर्शक कपात किंवा डब्यात बसवायचा. मुळांना अंधार हवा असतो, पण आपल्याला डोकावून बघायचं असतं. बाहेरचा कप काढला की मुळं दिसतात, काडी उपटून बघावी लागत नाही. उपटून बघण्याच्या मोहापायी जेवढ्या काड्या मेल्या असतील, तेवढ्या किडींनीही मारल्या नसतील.

माध्यम म्हणून अर्धं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि अर्धी जाड वाळू. परलाईट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे) मिळालं तर वाळूऐवजी तेही चालतं, वजनाला हलकं पडतं. कोकोपीटची वीट भिजवून फुगली की ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, कारण त्यात नारळाच्या सोडणातले क्षार असतात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू चुकूनही आणू नका, तिच्यातही मीठ असतं. हल्ली बांधकामावर नदीची वाळू दिसतच नाही, दगड भरडून केलेली क्रश सँड असते. ती चालते, पण पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत धुवायची. तिच्यातली बारीक भुकटी राहिली तर ग्लासाच्या तळाशी सिमेंटसारखी बसते आणि निचरा बंद होतो.

या मिश्रणात शेणखत, गांडूळखत, बागेतली माती, काहीही घालायचं नाही. मूळ नसलेल्या काडीला खताचा उपयोग नाही, आणि ओल्या खतातल्या बुरशीला मात्र ताज्या कापाचा भरपूर उपयोग आहे.

मुळं फुटण्याची पावडर ऐच्छिक आहे. तिच्यात आयबीए नावाचं संजीवक, म्हणजे मुळं फुटायला चालना देणारं द्रव्य असतं. कृषी सेवा केंद्रात किंवा मोठ्या नर्सरीत लहान डबी मिळते. कोवळ्या, अर्ध्या पक्व आणि जून काड्यांसाठी तिच्या वेगवेगळ्या तीव्रता येतात, आपल्याला मधली घ्यायची. गावठी लाल जास्वंदीला ही पावडर नसली तरी अडत नाही. हायब्रीडला मात्र लावाच. मध, कोरफडीचा गर, दालचिनी हेही लोक लावतात. दालचिनी बुरशीला थोडीफार अटकाव करते इतकंच, तिने मुळं फुटत नाहीत. मधाच्या भरवशावर तर मी काडी सोडणार नाही.

काडी कापणं

सकाळी कापा. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं, काडी टवटवीत असते. कापलेली फांदी लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा किंवा पाण्यात उभी करा, आणि शक्यतो त्याच दिवशी लावा.

15 सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे तुकडे करा, प्रत्येकावर चार-पाच डोळे यायला हवेत. डोळा म्हणजे जिथे पान फांदीला जोडलेलं असतं ते पेर. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, अर्ध्या सेंटिमीटरवर, सरळ आडवा. वरचा काप वरच्या डोळ्याच्या बोटभर वर, तिरका. तिरक्या कापावर पाणी साचत नाही हे एक, आणि पाच-सहा तुकडे टेबलावर पडले की वरची बाजू कुठली ते कापावरून ओळखता येतं हे दुसरं. उलटी लावलेली काडी लागत नाही. पानं असली तर बाजू कळतेच, पण पानं गळालेल्या पावसाळी फांद्यांमध्ये हा घोळ हमखास होतो.

खालच्या कापाला डोळ्याचा आग्रह का? पानांत आणि कोंबांत तयार होणारं नैसर्गिक संजीवक फांदीतून खाली वाहतं आणि कापापाशी येऊन साठतं. जास्वंदीत पेराजवळच्या पेशी त्याला लवकर प्रतिसाद देतात. त्या आधी पांढरट गाठीसारखा उंचवटा तयार करतात, मग त्यातून किंवा त्याच्या वरच्या सालीतून मुळं बाहेर येतात.

म्हणूनच सगळी पानं ओरबाडायची नाहीत. खालच्या दोन-तीन डोळ्यांवरची पानं काढा, वरची दोन ठेवा. ती मोठी असतील तर कात्रीने निम्मी आडवी कापा. पान काडीला अन्न देतं, पण पाणी उडवतंही, आणि मुळं नसलेली काडी कापलेल्या तोंडाने पाणी जेमतेम ओढते. निम्मं पान हा त्यातला मधला मार्ग. कळी असेल तर खुडा, अगदी बारीक असली तरी.

कापल्यावर जास्वंदीच्या काडीला बुळबुळीत चीक येतो. भेंडी चिरताना येतो तोच. तो पुसत बसू नका. चाफ्याची फांदी कापून काही दिवस सावलीत सुकवून मग लावतात, ते ऐकून काही जण जास्वंदही सुकवतात. चाफ्याचं खोड मांसल आणि चिकाळ, त्याला ते मानवतं. जास्वंद सुकली की संपली.

लावणी

मिश्रण आधीच भिजवून ठेवा. मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. ग्लासात भरून बोटांनी हलकं दाबा.

पावडर वापरत असाल तर थोडी कागदावर काढून घ्या. सगळ्या काड्या डबीतच बुडवल्या तर डबीतली पावडर ओली होऊन वाया जाते. काडीचं खालचं टोक सेंटिमीटरभर ओलं करून पावडरीत टेकवा आणि झटका. पातळ थर पुरतो. जास्त लावली तर जास्त मुळं येतील असं नाही, उलट टोक करपतं.

मिश्रणात आधी पेन्सिलीने भोक पाडा आणि मग काडी आत सोडा. थेट खोचली तर पावडर वरच खरवडून निघते आणि सालही सोलते. दोन डोळे आत, बाकीचे बाहेर. भोवतीचं मिश्रण बोटांनी दाबून बसवा, काडी डुगडुगता कामा नये. चमच्याने थोडं पाणी घाला.

दोन रोपं हवी असतील तर पाच-सहा काड्या लावा. एका ग्लासात एकच काडी, म्हणजे एक कुजली तरी दुसरीला लागण होत नाही. ग्लासावर तारीख आणि रंग लिहून ठेवा. पानांवरून रंग ओळखता येत नाही, आणि महिन्याभराने कुठला कुणाकडून आणला होता हेही आठवत नाही.

मधले चार-सहा आठवडे

बहुतेकांची गाडी इथेच अडते, म्हणून जरा सविस्तर.

काडीला ओल हवी असते ती मुख्यतः भोवतालच्या हवेत, मातीत बेताचीच. माती चिंब आणि हवा कोरडी असेल तर काडी एकाच वेळी वरून सुकते आणि खालून कुजते. म्हणून ग्लासावर पारदर्शक पिशवी घाला किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापून ती वरून टोपीसारखी बसवा. बाटली जास्त सोयीची, कारण तिचं झाकण फिरवून हवा देता येते. पानं पिशवीला टेकू देऊ नका, जिथे टेकतात तिथे काळी पडतात.

जागा उजेडाची हवी, उन्हाची नको. पिशवीखालच्या काडीवर दुपारचं ऊन तासभर जरी आलं, तरी आत ती उकडून निघते. पूर्वेकडच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत, पेपर सहज वाचता येईल इतका उजेड पुरे. मात्र खोलीतला अंधारा कोपराही नको, पानाने अन्न तयार केलं नाही तर मुळं कशातून येणार?

दोन-तीन दिवसांनी झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं हवा द्या. आत भिंतीवर बारीक दव असणं ठीक. पाणी ओघळत असेल तर ओल जास्त झाली आहे, थोडा जास्त वेळ उघडं ठेवा. अजिबात दव नसेल तर पाण्याचा हलका फवारा. मिश्रणाला पाणी घालण्याची वेळ आठवड्यातून एकदा आली तरी पुष्कळ. बोट खुपसून बघितल्याशिवाय घालूच नका. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ओल आहे पण चिखल नाही, ती अवस्था टिकवायची.

पहिल्या आठवड्यात ठेवलेलं एखादं पान पिवळं पडून गळतं. घाबरू नका, फक्त गळालेलं पान ग्लासात पडू देऊ नका, बुरशी तिथूनच सुरू होते. सगळी पानं गळाली तर सालीवर नखाने टिचकीभर खरवडून बघा. आत हिरवं असेल तर जीव आहे, तपकिरी कोरडं असेल तर नाही. बुडाकडून काळेपणा वर चढत असेल, साल दाबल्यावर मऊ लागत असेल, तर ती काडी काढून टाका. वरचा हिरवा भाग तीन डोळ्यांइतका उरला असेल, तर निरोगी जागी नवा काप घेऊन नव्या मिश्रणात पुन्हा लावता येते.

दुसऱ्या आठवड्यात कोंब येतात. इथे हात आवरायचा. ऊन नाही, खत नाही, झाकण कायमचं काढायचं नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटोही नाही. कोंबाचा पुढचा प्रवास बघा. साठवणीवर आलेला कोंब दोन-तीन बारीक पानं काढून थबकतो. खाली मुळं धरली की तोच कोंब पुन्हा चालायला लागतो, नवी पानं आधीच्या पानांपेक्षा मोठी आणि तुकतुकीत येतात. चौथ्या आठवड्यानंतर काडी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढून बघितली आणि तिने धरून ठेवलं, तर मुळं आहेत. पारदर्शक ग्लास असेल तर हेही करायला नको, पांढरी मुळं भिंतीलगत आलेली दिसतात.

गावठी जास्वंद चार ते सहा आठवडे घेते. हायब्रीडला दोन महिनेही लागतात, कधी त्याहून जास्त. काडी हिरवी आहे तोवर तिला हात लावू नका.

पाण्याच्या बाटलीत?

होतं, विशेषतः गावठी लालचं. काडी पाण्यात खालचे दोन डोळे बुडतील अशी ठेवायची, बाटली गडद रंगाची किंवा कागद गुंडाळलेली. कापाच्या वर सालीवर आधी पांढरे बारीक ठिपके, मग पुळ्यांसारखे फुगवटे येतात आणि त्यांतून मुळं निघतात. मुलांना दाखवायला हे फार छान.

दोन गोष्टी सांभाळा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदलायचं. नुसती भर घालून चालत नाही. शिळ्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, काडी बुळबुळीत होऊन कुजते, आणि दुसरं म्हणजे स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी-अळी वाढते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचे लोक कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत फिरतात, ते काही उगाच नाही.

दुसरी गोष्ट, पाण्यातली मुळं नाजूक आणि ठिसूळ असतात. ती बोटभर लांब होईपर्यंत थांबलात तर मातीत लावताना मोडतात. दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की लगेच ओलसर कोकोपीटमध्ये हलवा आणि पुढचे आठ-दहा दिवस पिशवीखाली ठेवा. पाण्यातून थेट उन्हातल्या कुंडीत गेलेली काडी दुसऱ्या दिवशी मान टाकते.

हट्टी जातींसाठी गुटी

हायब्रीड जास्वंद तुमच्याकडे किंवा ओळखीच्यांकडे असेल तर काडीपेक्षा गुटी बरी, म्हणजे फांदी न तोडता तिला झाडावरच मुळं फुटू द्यायची आणि मग कापायची. फांदी झाडावरच असते, मुळं येईपर्यंत आई तिला पाणी पाजत राहते, त्यामुळे सुकण्याची भीती नाही. जून-जुलैमध्ये बांधा.

पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, वर्षभराची, उजेडाकडची फांदी निवडा. शेंड्यापासून फूटभर खाली, डोळ्याच्या लगत, ब्लेडने सालीवर दोन गोल चिरा द्या, एकमेकींपासून अडीच सेंटिमीटर अंतरावर. त्यांना जोडणारी एक उभी चीर द्या आणि मधली साल बांगडीसारखी सोलून काढा. पावसाळ्यात ती सहज सुटते. आता खालचं लाकूड बोटाला बुळबुळीत लागेल. तो थर ब्लेडच्या पाठीने खरवडून टाका, लाकूड पांढरं, कोरडं लागेपर्यंत. गुटी फसते ती बहुतेक वेळा इथेच. हा ओला थर राहिला तर त्यातून साल पुन्हा भरून येते, जखम सांधली जाते आणि मुळं येतच नाहीत.

सालीतून अन्न खाली जातं, लाकडातून पाणी वर येतं. साल काढल्यामुळे पानांचं अन्न आणि संजीवक वरच्या काठाशी अडून बसतं, पण पाणी चालूच राहतं. मुळं फुटतात ती या वरच्या काठाला, म्हणून पावडर लावायची तीही तिथेच.

भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ (नर्सरीत 'मॉस' म्हणून सुकं मिळतं ते), नाहीतर कोकोपीट, मुठीएवढं घेऊन जखमेभोवती चारही बाजूंनी दाबा. वरून पारदर्शक प्लॅस्टिक दोन वेढे गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने घट्ट आवळा. वरचं टोक ढिलं राहिलं तर पावसाचं पाणी आत शिरतं. उन्हाच्या बाजूची गुटी असेल तर वरून वर्तमानपत्र किंवा फॉइल लावा. पाच-सहा आठवड्यांनी प्लॅस्टिकमधून मुळं दिसायला लागतात. ती सुरुवातीला पांढरी असतात, मग तपकिरी होऊन गुंततात. त्यानंतरच गुटीच्या खाली कापायचं. एका झटक्यात न कापता आधी निम्मी खाच, आठवड्याने पूर्ण काप, असं केलं तर झाडाला धक्का कमी बसतो. कापल्यावर निम्मी पानं काढा आणि रोप कुंडीत लावून दोन आठवडे सावलीत ठेवा.

कुंडीत हलवताना

ग्लासाच्या भिंतीलगत मुळांची जाळी दिसली की हलवायची वेळ झाली. त्याआधी आठवडाभर झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवत जा, शेवटी रात्रभर उघडं. आतल्या दमट हवेत वाढलेली पानं बाहेरच्या कोरड्या हवेला एकदम तोंड देऊ शकत नाहीत.

पहिली कुंडी सहा इंचांची पुरते. मोठ्या कुंडीत लहान मुळं बसवली की उरलेली माती ओलीच राहते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू. काळी माती असेल तर वाळूचं प्रमाण वाढवा, ती पाणी धरून बसते. ग्लास उलटा करून, काडी दोन बोटांच्या बेचक्यात धरून गड्डा अलगद काढायचा आणि न फोडता लावायचा.

पहिला आठवडा सावली, मग सकाळचं तासाभराचं ऊन, मग हळूहळू चार-पाच तास. महिनाभर वेगळं खत नको. रोप वीतभर वाढलं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. पहिल्या एक-दोन कळ्याही खुडाव्यात असं माझं मत. घरातले लोक ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी. चांगल्या उन्हात सहा ते नऊ महिन्यांत नियमित फुलं सुरू होतात आणि वर्षभरात झाडाला दहा-बारा इंची कुंडी लागते. पिठ्या दिसला तर हाताने पुसून काढा आणि लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल व साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी काडी ओल्या कागदात गुंडाळून बॅगेतून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. बहुतेक देशांत परवान्याशिवाय जिवंत झाडाचा तुकडा नेणं बेकायदा आहे, विमानतळावर ती जप्त होते आणि वर दंड बसू शकतो. त्यांना तिथल्याच कुणाकडून काडी मिळेल. थंडीत कुंडी घरात, खिडकीशी घ्यायला मात्र सांगा, 10 अंशांच्या खालची थंडी जास्वंदीला सोसत नाही.

इतर झुडपांना हीच रीत?

तगर, एक्झोरा आणि अनंताला जवळजवळ अशीच. एक्झोरा वेळ फार खाते, तिला पावडर लावा. बोगनवेलीची थोडी जून, बोटभर जाड काडी चांगली लागते, तिला ओल जास्वंदीपेक्षा कमी हवी. मोगऱ्याची काडीही लागते, पण जमिनीलगतची फांदी वाकवून, थोडी साल खरवडून मातीत दाबली आणि वर दगड ठेवला तर कमी उस्तवारीत काम होतं. कण्हेरीची काडी पाण्यातही झटपट मुळं धरते. तिचे सगळे भाग विषारी असतात, म्हणून ती कापल्यावर हात आणि कात्री दोन्ही साबणाने धुवा, आणि ज्या बाटलीत ती ठेवलीत ती पुन्हा पाणी प्यायला वापरू नका.